सगळ्यांचं म्हणजे नेमकं कोणाचं?

मंडळी, आजचा विषय वरवर रुक्ष वाटेल. पण आपल्या गोतावळ्यातली निम्मी तरुण मंडळी संगणकाच्या धंद्यात आहेत आणि त्यातली दोन-तीन शनिवार-रविवारी फुकट काम करतात. म्हणजे मुक्तस्रोत संगणक प्रणाली (ओपन सोर्स सॉफ्टवेअर हो!) लिहितात, नाहीतर तिचं मराठी भाषांतर करतात. मी त्यांना विचारलं, "बाबा रे, तू जे लिहितोस त्याचा मालक कोण?" उत्तर एकच आलं, "आजोबा, ते सगळ्यांचं असतं."

उत्तर ऐकायला फार गोड आहे. पण मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे "सगळ्यांचं" हा शब्द कानावर पडला की मला थोडी काळजी वाटते. सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर "सगळे" नावाचा खातेदार नसतो. आखीव पत्रिकेवरही नसतो. तिथे कोणाचं तरी नाव लागतं, आणि ते वेळेवर लागलं नाही तर पुढे काय होतं हे आम्हा महालातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता आणि हयातीत दत्तकविधान झालेलं नव्हतं. राजघराण्याला, दरबाऱ्यांना, गावाला वारस कोण हे ठाऊक होतं, पण कंपनी सरकारला मान्य होईल असं काही झालेलं नव्हतं. १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. मग दुसरा प्रश्न निघाला. वाड्यातले दागदागिने, हत्ती, घोडे, गाई-बैल हे राज्याचे की घराण्याचे खाजगी? घराण्याच्या मते ते घराण्याचं होतं, आणि कंपनीनं लिलाव मांडला. जे आधी लिहून ठरलं नव्हतं ते परक्यानं येऊन आपल्या सोयीनं ठरवलं. आता राजवाड्याची आणि संगणक प्रणालीची तुलना कशी, असं तुम्ही म्हणाल. तुलना वस्तूची नाहीच. मालकीचं कागदपत्र कधी करायचं, सगळं सुरळीत असताना की भांडण उभं राहिल्यावर, एवढाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

माझ्या ओळखीचं उदाहरण मराठीतल्या ज्ञानकोशांचं. पुष्कळ जणांनी मिळून केलेलं काम कायद्यानं कोणाचं होतं, हे त्यावरून चांगलं कळतं.

पहिला ज्ञानकोश डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. या कामाचा नागपूरशी संबंध आहे हे आता पुष्कळांना माहीत नसतं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या खंडांवर प्रकाशक म्हणून नाव आहे ज्ञानकोश मंडळ लिमिटेड, नागपूर. त्यातला "लिमिटेड" हा शब्द महत्त्वाचा. केतकरांनी वर्गणी काढून धर्मादाय काम केलं नाही, त्यांनी भागभांडवलाची कंपनी काढली. काम पुढे पुण्याला झालं, १९२० च्या दशकात २३ खंड निघाले. मालक कोण, पैसे कोणाचे, करार कोणाशी, हे सगळं कंपनीच्या नावानं चोख होतं. केतकर १० एप्रिल १९३७ रोजी गेले. तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत असे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क १९८७ अखेर संपला. (रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून सरकारनं घाईनं ही मुदत ६० वर्षांची केली, पण केतकरांचं लेखन त्याआधीच मोकळं झालं होतं.) पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं हा ज्ञानकोश महाजालावर आणला. एकेका लेखकाच्या नातवंडांना शोधत बसावं लागलं नाही.

दुसरा मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वाई, महाराष्ट्र शासन. पहिला खंड १९७६ चा. नोंदी शेकडो अभ्यासकांनी लिहिल्या, पण काम शासनाचं. शासकीय प्रकाशनाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो.

तिसरा मराठी विकिपीडिया. सुरुवात १ मे २००३, नेमका महाराष्ट्र दिन. इथे ना कंपनी, ना शासन. कोणी साताऱ्याहून लिहितो, कोणी शिकागोहून. हा ज्ञानकोश कोणाचा? पुष्कळांना वाटतं, अमेरिकेतल्या विकिमीडिया फाउंडेशनचा. तसं नाही. प्रत्येक वाक्याचा हक्क ज्यानं ते लिहिलं त्याच्याकडेच राहतो. तो फक्त सगळ्या जगाला अटींसह परवानगी देतो. फाउंडेशनकडे नाव आहे, यंत्रं आहेत, पैसे आहेत. मजकूर मात्र त्यांच्या मालकीचा नाही.

मुक्तस्रोत प्रणालींचं बहुतांशी असंच आहे. म्हणून आता जरा कायद्याकडे वळू. घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा. त्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणक प्रणालीला "साहित्यकृती" या सदरात घेतलं. मला याची मोठी गंमत वाटते. खांडेकरांची कादंबरी आणि बँकेची हिशेबाची प्रणाली कायद्याच्या एकाच कप्प्यात! पण याचा अर्थ असा की प्रणाली लिहिली त्या क्षणी हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, अर्ज लागत नाही. तुम्ही "मला हक्क नको" असं मनात म्हणालात तरी तो असतोच. सोडायचा तर कलम २१ प्रमाणे निबंधकाला रीतसर सूचना द्यावी लागते, किंवा २०१२ च्या दुरुस्तीनंतर जाहीर सूचना.

हक्काचा पहिला मालक लेखक. याला एक मोठा अपवाद आहे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल तर मालक मालकच! (म्हणजे तुमचा पगार देणारा.) आणि दोघांनी असं मिळून लिहिलं की कोणाचा भाग कोणता हे वेगळं काढता येत नाही, तर ते संयुक्त लेखन. प्रणालीत दोन्ही प्रकार सापडतात. एखाद्यानं संपूर्ण धडा लिहिलेला असतो, एखाद्यानं दुसऱ्याच्या ओळीतला स्वल्पविराम बदललेला असतो.

म्हणजे पाहा, पन्नास स्वयंसेवकांनी मिळून एक प्रणाली केली तर कायद्याच्या नजरेत ती "सगळ्यांची" नसते. ती पन्नास वेगवेगळ्या मालकांच्या तुकड्यांची गोधडी असते, आणि त्यातले काही तुकडे त्यांच्या कंपन्यांचे निघू शकतात.

मग "मुक्त" कशाला म्हणायचं? इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना लिहिला. त्याची युक्ती अशी की हक्क टाकून द्यायचा नाही, उलट घट्ट धरायचा, आणि त्याच्या जोरावर म्हणायचं : वापरा, बदला, वाटा, पण बदललेलं वाटाल तेव्हा तेही याच अटींवर उघडं ठेवा. ही अट घालण्याचा अधिकार मालकालाच असतो. मालकच नसेल तर अट कोण घालणार आणि मोडली तर कोण विचारणार? विहीर सगळ्यांना खुली ठेवायची तरी ती खुली आहे असं म्हणणारा, आणि कोणी कुलूप लावलं तर ते काढायला लावणारा धनी लागतो.

आता हा धनी एक असावा की अनेक? याची दोन उत्तरं निघाली आणि दोन्हींचा इतिहास मजेदार आहे.

स्टॉलमन यांचं उत्तर : एकच. त्यांच्या मुख्य प्रणालींत भर घालणाऱ्याकडून फाउंडेशन सहीचा कागद घेत असे की माझा हक्क मी तुम्हाला लिहून दिला. नोकरदार असला तर त्याच्या मालकाकडूनही "आमचा यावर दावा नाही" असं लिहून घेत. बदल्यात फाउंडेशन वचन देई की हे काम मुक्तच राहील. हा कडक नियम त्यांच्या जीसीसी या प्रणालीनं २०२१ मध्ये सैल केला.

लायनस टोरवाल्ड्सच्या लिनक्सचं उत्तर : अनेक. १९९१ पासून ज्यानं जे लिहिलं त्याचा हक्क त्याच्यापाशी. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली तेव्हा लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. टोरवाल्ड्सना नवी आवृत्ती पसंत नव्हती हे खरंच, पण असती तरी हजारो मालकांना शोधून विचारणार कसं? त्यातले काही वारलेलेसुद्धा असणार.

याला समांतर अशा दोन गोष्टी आपल्या मराठीच्या अंगणात घडल्या.

पहिली लोहित टंकांची. देवनागरीसकट अनेक भारतीय लिप्यांचे हे मुक्त टंक. त्यांची मूळ घडण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची आणि पुढची जोपासना रेड हॅट कंपनीची, तीही पुण्यातल्याच मंडळींकडून. पंचवीस वर्षांपूर्वी मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना आठवत असेल, एकाकडे लिहिलेलं दुसऱ्याकडे उघडलं की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायची. युनिकोड आलं तरी कोणालाही फुकट देता येईल असा टंक हवा होताच. लोहित आधी जीपीएलखाली होते. प्रणालीसाठी लिहिलेला तो परवाना टंकांना नीट बसत नाही. मी पत्रात तो टंक वापरला, तो कागदपत्रात गुंफला गेला, तर माझं पत्रही जीपीएलखाली आलं का, असली शंका निघते. म्हणून २०११ मध्ये लोहित टंक खास टंकांसाठी असलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले गेले. हक्क थोड्या हातांत होते म्हणून हे जमलं.

दुसरी विकिपीडियाची. मराठी विकिपीडियासकट सगळे विकिपीडिया सुरुवातीला जीएफडीएल नावाच्या परवान्याखाली होते. तो छापील पुस्तिकांसाठी लिहिलेला. लेखाचं एक पान छापून वाटायचं तर सोबत पूर्ण परवाना जोडा! क्रिएटिव्ह कॉमन्स सोयीचा होता, पण लाखो लेखकांची संमती कशी आणणार? सुटका झाली ती एका छोट्या वाक्यामुळे. परवान्यात "किंवा यानंतरची कोणतीही आवृत्ती" असे शब्द होते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं नोव्हेंबर २००८ मध्ये नवी आवृत्ती काढून ठराविक मुदतीत परवाना बदलायची वाट उघडली. २००९ मध्ये मतदान झालं, सुमारे तीन चतुर्थांश मतं बाजूनं पडली, आणि जून २००९ मध्ये बदल झाला. ते वाक्य नसतं तर आपण आजही तो जुना परवाना सांभाळत बसलो असतो. वर्षानुवर्षं आधी कोणीतरी शहाणपणानं लिहिलेल्या पाच-सात शब्दांनी एवढं काम केलं.

हे झालं सुखाचं. आता कागद नव्हता किंवा कमी पडला तिथे काय झालं तेही पाहू.

१९९० च्या दशकात गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की गाण्यांची नावं दिसत नसत. सीडीडीबी नावाच्या सूचीत जगभरच्या हौशी लोकांनी ती फुकट टंकून भरली. १९९८ मध्ये ती सूची एका कंपनीनं विकत घेतली, पुढे तिचं ग्रेसनोट झालं आणि वापरावर व्यापारी अटी आल्या. २००८ मध्ये सोनीनं ग्रेसनोट विकत घ्यायचं ठरवलं ते २६ कोटी डॉलरला. टंकणाऱ्यांना काय मिळालं? काही नाही. त्यांनी "सगळ्यांसाठी" म्हणून भरलं होतं, पण सूची कोणाची हे कुठे ठरवलंच नव्हतं. चिडलेल्या काहींनी फ्रीडीबी नावाची नवी सूची उभी केली. तीही २०२० मध्ये बंद पडली.

दुसरी कथा खेळण्यातल्या आगगाड्यांची. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसेन नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांचे हौशी सोबती खेळण्यातल्या रेल्वे संगणकावरून चालवायची प्रणाली फुकट लिहीत. त्याच धंद्यातल्या एका व्यावसायिकानं आधी आपल्या पेटंटचा भंग झाला म्हणून त्यांच्याकडेच पैसे मागितले. मग असं निघालं की त्याच्याच उत्पादनात यांच्या प्रणालीतला भाग मूळ लेखकांची नावं काढून वापरला आहे. खालच्या कोर्टानं म्हटलं, फुकट दिलेल्या वस्तूचा फार तर करारभंग होतो, प्रताधिकाराचा भंग नाही. पण १३ ऑगस्ट २००८ रोजी वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. पैसे घेतले नाहीत म्हणून अटी पोकळ होत नाहीत, अट मोडली तर प्रताधिकाराचाच भंग होतो. फुकट काम करणाऱ्यांच्या दृष्टीनं हा निकाल फार मोठा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कोर्टात "हौशी रेल्वे मंडळ" उभं नव्हतं. हक्क असलेले जेकबसेन स्वतःच्या नावानं उभे होते, म्हणून दावा टिकला.

याच्या उलट जर्मनीत झालं. क्रिस्टोफ हेलविग हे लिनक्समध्ये वर्षानुवर्षं भर घालणारे. व्हीएमवेअर कंपनीनं परवाना मोडला असा त्यांचा दावा. हॅम्बुर्गच्या कोर्टानं २०१६ मध्ये दावा फेटाळला आणि २०१९ मध्ये अपीलही गेलं. परवान्याच्या मुद्द्यापर्यंत कोर्ट पोहोचलंच नाही. हजारो लोकांच्या कामात तुमचा नेमका भाग कोणता आणि तोच इथे कसा वापरला गेला, हेच त्यांना कोर्टाचं समाधान होईल असं दाखवता आलं नाही. गोधडीतला माझा तुकडा हा, असं शिवण उसवून दाखवायचं म्हणजे सोपं काम नाही.

प्रताधिकाराचं एवढं झालं. पण स्वयंसेवी प्रकल्पाकडे प्रणालीखेरीज आणखी चीजवस्तू असते. नाव, चिन्ह, महाजालावरचा पत्ता, देणग्या. हे कोणाच्या नावावर?

आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळाचं पाहा. मंडळ नोंदलेलं नसेल तर मांडववाल्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं? जो पुढे होऊन सही करतो त्याच्या. नोंद नसलेला समूह ही कायद्यात "व्यक्ती" नाही. त्याला स्वतःच्या नावानं मालमत्ता धरता येत नाही, स्वतःच्या नावानं दावा लावता येत नाही. नोंद करायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात पुढे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलंच. नाहीतर २०१३ च्या कंपनी कायद्यातली कलम ८ ची ना-नफा कंपनी. परदेशातून देणगी घ्यायची तर त्याचा कायदा आणखी वेगळा.

बाहेरच्यांनाही हे चुकलं नाही. जगातली बरीच संकेतस्थळं ज्यावर चालली ती अपाचे प्रणाली १९९५ मध्ये काही मित्रांच्या गटानं सुरू केली. १९९९ मध्ये त्यांना रीतसर फाउंडेशन नोंदवावं लागलं, कारण देणगी घ्यायला, नाव राखायला आणि कोणी दावा लावला तर एकेका माणसाचं घरदार धोक्यात येऊ नये म्हणून मध्ये कोणीतरी हवं होतं. डेबियननं निराळी वाट धरली. प्रकल्प मोकळाच ठेवला, पण पैसे आणि नाव सांभाळायला १९९७ मध्ये न्यूयॉर्कला वेगळी संस्था नोंदवली.

नावाचं महत्त्व किती, ते ओपनऑफिसनं दाखवलं. ही लेखन-हिशेबाची मुक्त प्रणाली सन कंपनीच्या आश्रयाखाली वाढली. भर घालणाऱ्यांना हक्कात सनला सामील करून घेणारा कागद द्यावा लागे. २०१० मध्ये सन गेली ओरॅकलच्या ताब्यात. स्वयंसेवकांना धास्ती वाटली आणि सप्टेंबर २०१० मध्ये ते बाहेर पडले. परवाना मुक्त होता म्हणून सगळी प्रणाली सोबत नेता आली. नाव मात्र नेता आलं नाही, ते ओरॅकलचं! म्हणून लिबरऑफिस हे नवं नाव. आणि पोळलेल्या मंडळींनी दोन गोष्टी आधी ठरवल्या. भर घालणाऱ्याचा हक्क त्याच्यापाशीच राहील, आणि नाव व पैसे जर्मनीत नोंदवलेल्या संस्थेकडे राहतील. लिबरऑफिस मराठीतही आहे. ते भाषांतर करणाऱ्यांचे हातही त्या गोधडीत आले.

आता घरच्या मंडळींसाठी दोन बारीक गोष्टी, ज्या आपल्या कायद्यात आहेत पण तरुणांना सहसा ठाऊक नसतात.

एक. "मी हक्क प्रकल्पाला दिला" असं तोंडी म्हटल्यानं तो जात नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाचच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. परवान्यांनाही हीच कलमं आवश्यक त्या फेरफारांसह लागू आहेत. जीपीएलच्या १९९१ च्या आवृत्तीत मुदतीचा शब्द नाही. २००७ च्या आवृत्तीत मात्र परवानगी प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या देशात बसून नवं काम सुरू करताना परवाना निवडायचा असेल तर हा फरक किरकोळ समजू नका.

दुसरी गोष्ट वारसांची. लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क ६० वर्षं टिकतो आणि तो इतर मालमत्तेसारखाच वारसांकडे जातो. म्हणजे माझ्या नातवानं आज रविवारी लिहिलेल्या चार ओळी उद्या त्याच्या मुलाबाळांच्या, त्यांच्या नकळत, मालकीच्या होणार. घरच्यांना त्या ओळींचा पत्ताही नसतो. परवाना दिलेला असेल तर वापर अडत नाही. पण परवाना बदलायचा झाला, किंवा कोणावर दावा लावायचा झाला, तर सही त्या वारसाची लागणार, आणि त्याला हे काय प्रकरण आहे हेसुद्धा ठाऊक नसणार.

मग करावं काय? माझ्यासारख्या मास्तराचं मत विचाराल तर मला लिबरऑफिसवाल्यांची रीत पटते. ज्यानं लिहिलं त्याचा हक्क त्याच्यापाशी राहू द्या. सगळे हक्क एका हातात दिले की काम सोपं होतं खरं, पण तो हात उद्या कोणाचा असेल सांगता येत नाही. ओरॅकलचा अनुभव ताजाच म्हणायचा. मात्र परवाना पहिल्या दिवसापासून लेखी हवा, त्यात "पुढची आवृत्ती" आणि मुदत यांचे शब्द हवेत. कोणी काय लिहिलं याची नोंद हवी. नाव, पत्ता आणि पैसे एका माणसाच्या नावावर न ठेवता नोंदलेल्या संस्थेकडे हवेत, स्वतःची काढणं जड वाटलं तर दुसऱ्या विश्वासू संस्थेच्या आसऱ्याला. आणि नोकरीत असाल तर तुमच्या नेमणुकीच्या कागदावर सुटीतल्या कामाबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा. कंपनीचा दावा असेल तर "हरकत नाही" असं आधीच लेखी मागून घ्या. मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. पण कंपनी विकली गेली, साहेब बदलले, की मग मागायला जागाच उरत नाही.

यावर एक नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही प्रेमाच्या कामात वकिली आणता." तिचा मुद्दा मी समजू शकतो. ही मुलं पैशासाठी करत नाहीत आणि कागदाची भाषा काढली की त्यांना अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण अविश्वास असेल तर कागद होतच नाहीत, कोर्टकचेऱ्या होतात. एकमेकांवर भरवसा असतानाच कागद शांतपणे करता येतो. केतकरांनी नागपुरात कंपनी नोंदवली तेव्हा त्यांचा आपल्या माणसांवर अविश्वास होता असं थोडंच आहे! काम आपल्यापेक्षा जास्त काळ टिकावं अशी इच्छा होती, आणि ते टिकलं.

मराठीतले टंक, कळफलक, शुद्धलेखन तपासनीस, भाषांतरं यांतलं बरंच काम अशाच लोकांनी केलं आहे ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी ते आपल्याला देऊन टाकलं आहे. ते आपल्याकडेच राहावं, उद्या कोणी येऊन त्याचा लिलाव मांडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आपल्या घरातली जी मुलं हे काम करतात त्यांनी एका रविवारी प्रणाली बाजूला ठेवून हे कागद तेवढे करून टाकावेत. काही अडलं तर महालात या, चहा मिळेल. वकील नाही मी, पण कागद वाचून शंका काढायची सवय अजून गेलेली नाही.